वीतभर सरदार

कंप्रेसर पहिल्यांदा सुरू केला त्या रात्री शेजारच्या काकू आल्याचा काढा घेऊन दारात उभ्या. "कोणाला रे दमा? नेब्युलायझरचा आवाज आला म्हणून म्हटलं."

रात्री साडेदहाला, लुंगीवर, काढ्याच्या पेल्यासमोर वॉरहॅमर ४०,००० कसं समजावणार? १९८७ साली इंग्लंडात निघालेला टेबलावरचा युद्धखेळ, त्यात एक्केचाळिसावं सहस्रक उजाडलंय आणि माणसं अजून भांडतायत, त्यातलं एक प्लॅस्टिकचं चिलखत मी रंगवतोय, आणि तो आवाज रंगाच्या फवाऱ्याचा. मी म्हटलं, "मला." आणि काढा प्यायलो. तेव्हापासून आख्ख्या बिल्डिंगमध्ये मला दमा आहे.

चिलखताचं नाव इम्पीरियल नाइट. उंची जेमतेम वीतभर, पण सैन्यातला साधा शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, त्यांच्यात हा म्हणजे गिरणीची चिमणी. हा यंत्रमानव नव्हे, आत सरदार बसून चालवतो. सासऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अंबारीच की." बायको मात्र खेळणं म्हणते. सरकार तिच्या बाजूनं आहे: खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल सोडवून आणल्यावर आठवडाभर मी घरात 'खेळणं' या शब्दावर वाद घातला नाही.

डब्यात सरदार नसतो. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना लटकलेले शंभरावर तुकडे. एकेक कापायचा, कडेची शीर खरवडायची, मग जोडायचा. जोडायला लागतं ते सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं, त्यामुळे चुकलं की चुकलं. हात मात्र मला बदलता यायला हवे होते, आज तोफ, उद्या करवत. म्हणून खांद्यात लोहचुंबक बसवायचे ठरवले. त्यांना सुपरग्लू. आता सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानं आळतो, आणि महिना होता जुलै. नळीवर दहा सेकंद लिहिलं होतं. मुंबईत ते तीनसुद्धा मोजून होत नाहीत. चुंबक खाचेत जायच्या आत माझा अंगठा तर्जनीला कायमचा भेटला, आणि मी अर्धा तास गरम पाण्यात हात बुडवून ज्ञानमुद्रेत बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं की एक चुंबक उलटा बसलाय. उजवा हात खांद्याजवळ नेला की साडेनवाच्या फास्टमध्ये चढू पाहणाऱ्या माणसासारखा बाहेर फेकला जायचा.

पण खरी परीक्षा एअरब्रशची. दिसायला पेन. वरचा खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि दोन्ही एकाच बोटानं, एकाच वेळी. रंग म्हणे दुधाइतका पातळ करावा. कुठल्या दुधाइतका, हे कोणी सांगत नाही. मी आमच्याकडे येतं तेवढा केला, तर तो नाइटच्या मांडीवरून ओघळून पायाखालच्या बैठकीत साचला. म्हशीच्या दुधाएवढा दाट केला तर सुईच्या टोकावर सुकून बसला. तिसऱ्या दिवशी एकदाचं जमलं, हवेच्या वीस पीएसआय दाबावर, नाजूक धूर उठावा तसा निळा रंग बसत होता, मी श्वास रोखून खांद्यावर पोचलो आणि नळीतून फुर्रकन पाणी आलं. सरदाराला देवी आल्या.

ब्रश धुताना ०.३ मिलिमीटर भोकाचं नोझल मोरीच्या जाळीतून गेलं ते वेगळंच. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू जाताना आवाजसुद्धा करत नाही.

नवीन नोझल घातलं आणि शेवटी सगळं पिशवीत भरून लालबागला एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. भर पावसात फवाऱ्याचं काम करणारी माणसं अजून कुठे मिळणार? हॅलोजनच्या उजेडात मूर्ती वाळत होत्या. एका वयस्कर कारागिरानं माझं पेन बघितलं, स्वतःच्या गनशी ताडून बघितलं आणि हसला. "हे पिल्लू कोणाचं?" मग विचारलं, "पाण्याचा सापळा कुठे लावलाय?"

"कंप्रेसरच्या तोंडाशी."

"तिथं हवा गरम असते, दादा. पुढं नळीत गार होते, मग पाणी सुटतं. सापळा ब्रशजवळ आणा. आणि आधी कागदावर मारा, मग अंगावर."

तीन आठवडे मी पडद्यावर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघत होतो. त्यांच्याकडे बहुधा जुलै नसतो.

त्यानं दिवा जवळ ओढला आणि माझ्या नाइटला हातात घेऊन सावकाश फिरवलं. पायावरचे ओघळ बघून काही बोलला नाही, मोठा माणूस. मग म्हणाला, "आखणी राहिली की." मी सांगणार होतो की ते डोळे नव्हेत, शिरस्त्राणाच्या भिंगांच्या फटी आहेत, तिथे मी लाल चकाकी देणार आहे. तोवर त्यानं कानामागचा बारीक ब्रश काढला होता. काळ्या रंगाचे दोन फटकारे, पांढऱ्याचा एक ठिपका, पुन्हा तसंच. हात जराही हलला नाही. पैसे घेतले नाहीत.

आता माझा सरदार एका हातात तोफ, एका हातात करवत घेऊन अर्धोन्मीलित, कनवाळू डोळ्यांनी समोरच्याकडे बघतो. घरी आणून तो आईच्या शिलाई मशीनवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाशी जास्वंद होतं. मी म्हटलं, "आई, हा लढाईतला आहे." ती म्हणाली, "शस्त्रं दिसतायत मला."

रविवारी मित्राकडे पहिला डाव होता. डबा उघडला, स्पंज लावला, नाइट उचलला, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज संकष्टी आहे. आज कुठं हलवतोस त्याला?"