'एसीत बसून सल्ले' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवलं नाही. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की साहेब चारचौघात तापला तर तिथल्या तिथं उलटं बोलू नका, जरा थांबा, मग एकट्यात भेटा आणि काय झालं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. त्यावर तुम्ही लिहिलंय, "एसीत बसून असले सल्ले द्यायला तुझं काय जातं, अंगावर गेल्याशिवाय साहेब सरळ होत नसतो, तू पोरांना लाचार बनवायलास. आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरानं काय लिहून ठेवायचं, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणलं की विषय संपला."

पहिलं म्हणजे ही अरे-तुरेची भाषा. आपली ओळख ना पाळख, मी तुमच्या शेजारी बसून कधी चहा पिलेला नाही, आणि डायरेक्ट 'तू'? माझी मुलगी हे सगळं वाचते, तिनंच मला दाखवलं की पप्पा बघा काय लिहिलंय. विरोध करा, हजारदा करा, पण माणूस कोण आहे, कुठून आलाय हे माहीत नसताना त्याला लाचार म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आता एसी. मी लातूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात लॅबला शिफ्ट केमिस्ट होतो, नाव घेत नाही. तेही सीझनल. म्हणजे गाळप संपलं की घरी, आणि पुढच्या हंगामाला बोलावणं येतंय का नाही ही धाकधूक पोळा झाला की सुरू. गंधकाचा धूर नाकातोंडात, सॅम्पलचे डबे घेऊन मिलपासून पॅनपर्यंत, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यापर्यंत, जिने चढायचे-उतरायचे, अंगाला सारखा चिकट वास, बायको म्हणायची आधी अंघोळ करा मग पोरीला घ्या. हा माझा एसी.

आणि साहेब कसा असतो ते पण मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. एका रात्रपाळीला बगॅसचा पोल, म्हणजे ऊस पिळून उरलेल्या भुशात राहिलेल्या साखरेचा आकडा, वर गेला होता. साधारण दोन टक्क्यांच्या आसपास पाहिजे, त्याच्या बराच वर. पोल वर म्हणजे साखर रसात न येता भुशाबरोबर बॉयलरला चाललीय, म्हणजे नुकसान, आणि सकाळी तो रिपोर्ट वर जाणार. चीफ केमिस्ट साहेब आले, रजिस्टर बघितलं आणि सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली, रजिस्टर फेकलं, म्हणले आकडा खाली आण. अहो, उसात आलेली साखर, त्यातून वजा होणारं नुकसान आणि हातात पडणारा उतारा हा एकच हिशेब असतो, आणि उताऱ्यावर शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, ठरते, 10.25 टक्के मूळ उतारा धरून. माझ्या स्वतःच्या भावकीचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, मी आकडा कसा खाली आणू? रक्त मलाही आहे दादा, हात शिवशिवला होता. पण मी रजिस्टर उचललं, आहे ती रीडिंग वेळ टाकून सही करून ठेवली, आणि साहेब शांत झाल्यावर केबिनला जाऊन एवढंच म्हणलं की बदलायचं असेल तर तसं लेखी द्या. लेखी त्यांनी कधीच दिलं नाही. मला मात्र त्यानंतर हंगामभर रात्रपाळीच लावली, ते मी भोगलं, म्हणून मला कुणी स्वस्तातला सल्ला देणारा म्हणलं की लागतं.

त्याच हंगामात आमच्या एका पॅनमननं तुम्ही म्हणता तेच केलं, अंगावर गेला. शिवी साहेबानंच दिली होती, शंभर टक्के. पण त्यानं कॉलर धरली आणि तिथून पुढं शिवीचं नाव कुणी घेतलं नाही. आरोपपत्र कॉलरचं, सस्पेन्शन कॉलरचं, चौकशीत साक्षीदार कॉलरचे. निलंबन भत्ता पहिले 90 दिवस निम्मा, पुढं चौकशी कामगारामुळं लांबलेली नसेल तर 75 टक्के, आणि निम्म्यावर घर चालत नाही. त्यानं शेवटी स्वतःच हिशेब घेतला आणि गेला. लई चांगला हात होता त्याचा पॅनवर, अजून वाईट वाटतं.

मुळात 1946 च्या कायद्यातून आलेले (त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेनं घेतलीय) स्थायी आदेश, म्हणजे कामाचे आणि शिस्तीचे नियम, ज्याला आपण स्टँडिंग ऑर्डर म्हणतो, ते तुमच्या गेटवर लावलेले असले तर एकदा वाचा. आवारात दंगा, बेशिस्त हे गैरवर्तन आहे. वरिष्ठाचा हुकूम मुद्दाम मोडणं पण आहे, पण तिथं हुकूम कायदेशीर आणि वाजवी पाहिजे अशी अट आहे. खोटा आकडा लिही हा हुकूम त्यात बसत नाही. म्हणजे आवाज न चढवता नाही म्हणणाऱ्याच्या बाजूनं कायदा उभा राहतो, कॉलर धरली की तोच कायदा साहेबाच्या बाजूला जातो. हे समजून सांगणं म्हणजे लाचारी का?

एक मान्य करतो. लेखात मी 'मेल करून ठेवा' एवढंच लिहिलं होतं, मिलवरच्या माणसाला कंपनीचा मेल कुठला असणार, व्हॉट्सॲप मेसेज किंवा वहीतली नोंद पण कामाला येते हे जोडायला पाहिजे होतं. आता जोडलंय. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर तो ठेकेदाराचा विषय आहे, पूर्ण वेगळा, मी लेख साहेबाशी होणाऱ्या भांडणावर लिहिला होता, सगळ्या जगाचे प्रश्न एकाच लेखात घेता येत नाहीत.

तुमचं साहेबासोबत काय झालंय ते मला माहीत नाही, पण काहीतरी झालंय हे तुमच्या लिहिण्यातून दिसतंय. कंपनीचं, माणसाचं नाव न घेता सविस्तर लिहा, मी वाचीन आणि जमेल ते सांगीन. फक्त 'तुम्ही' म्हणून लिहा. पुन्हा अरे-तुरे आलं तर ती प्रतिक्रिया मी उत्तर न देता काढून टाकणार आहे.