रंकाळ्याच्या दोन फेऱ्या आणि आम्ही दोघी जावा

'एक कोल्हापूरकर' या नावाने मागच्या लेखावर जी प्रतिक्रिया आली, तिला उत्तर द्यायचं नाही असं ठरवून दोन दिवस गप्प बसले. पण राहवत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी चार महिन्यांच्या अंतराने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तिला स्लीव्ह म्हणतात, त्यावर तो लेख होता. तुमचं म्हणणं असं: रोज रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारल्या असत्या तर पोट कापून घ्यायची पाळी आली नसती. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात हे मी लपवलं. आणि दोघींचे वजनाचे आकडे शेजारी शेजारी मांडून मी जावेशी तुलना केली, माझं बघूनच तिने घाई केली असणार.

गोळ्यांचं मान्य. लपवलं नव्हतं, लिहायचं राहून गेलं. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे सगळं कायमचं मागे लागतं, आणि लोह नि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नसतं, मध्ये दोन तास जाऊ द्यावे लागतात. सहाव्या महिन्यात जावेचं बी-१२ कमी आलं, इंजेक्शनं घ्यावी लागली. लेखात हे आता घातलं आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे.

पण रंकाळा! किती सहज लिहून गेलात हो तुम्ही. 'दोन फेऱ्या मारल्या असत्या तर.' म्हणजे आम्ही दोघी दिवसभर पाटावर बसून खात होतो, असंच ना?

मंगळवार पेठेतून पहाटे साडेपाचला निघून मी तीन वर्षं रंकाळ्याला चालले आहे. पावसाळ्यात छत्री घेऊन, थंडीत कानटोपी घालून. सुरुवातीला शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचले की गुडघा धरून बसावं लागायचं, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा. मागून येणारी कॉलेजची पोरं काय बोलायची ते इथे लिहीत नाही. तुमच्याच तोंडचे शब्द होते, एवढं सांगते. भात सोडला, साखर सोडली, घरात बुधवार-रविवारी मटण शिजायचं तेव्हा मी काकडी घेऊन बसायचे. १०९ किलोंवरून ९५ वर आले. १४ किलो स्वतःच्या पायांनी उतरवले, कुणी कापून काढले नव्हते. पुढे गुडघा गेला, फेऱ्या कमी झाल्या आणि दोन वर्षांत काटा ११८ वर. उंची पाच फूट दोन इंच.

हे का होतं ते ऐकायची तयारी असेल तर सांगते. वजन उतरायला लागलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते कमी ऊर्जा जाळायला लागतं आणि भूक वाढवतं. भुकेचं एक संप्रेरक आहे, घ्रेलिन, १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. डाएट करून बारीक झालेल्या माणसात ते वाढतं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि हे संप्रेरक जिथे जास्त तयार होतं तो वरचा घुमटासारखा भागही त्यात जातो. म्हणून ऑपरेशननंतर घरात पांढऱ्या रश्श्याला फोडणी बसली तेव्हा वास आला आणि पोटात काहीच हललं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तो मनाचा निग्रह नव्हता आणि आधी मी निग्रहाला कमी पडले, असंही नव्हतं. आणि हे ऑपरेशन कुणाचीही हौस म्हणून करत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी निकष सांगितला तो बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३७.५ च्या वर, मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ च्या वर. माझा ४७ होता, जावेचा ४३, वर तिला साखर.

कष्टाचं तर मला शिकवूच नका. माझे वडील तालमीतले. पहाटे चारला उठून जोर-बैठका काढलेला माणूस, रंकाळा त्यांना अंगणासारखा होता. तरी ५८ व्या वर्षी मधुमेहापायी त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंग मी करायचे. तो वास आला की अजून घास उतरत नाही. त्यांना सांगायला गेला असतात का, दोन फेऱ्या जास्त मारा म्हणून? नाव न लावता लिहायला काही लागत नाही. समोर बसून बोलायला लागतं.

तुलनेबद्दल एवढंच की जावेला विचारून लिहिलं आहे. 'लिवा की ताई, त्यात काय,' म्हणाली. आकडे खरे आहेत: मी १४ महिन्यांत ११८ वरून ८१, ती १० महिन्यांत १०४ वरून ७६. ती काट्यावर उभी राहते तेव्हा मला खोलीबाहेर थांबायला सांगते, तो तिचा स्वभाव आहे, लाजाळू आहे ती. आणि घाई कुठली? माझ्या ऑपरेशननंतर चार महिने तिने माझं सगळं डोळ्यांनी बघितलं, मग एका रात्री भांडी घासता घासता म्हणाली, 'ताई, मी पण करून घेतो.' मी तिला एका शब्दाने भरीस घातलं नाही.

उलट सोबत काय असते ते तुम्हाला ठाऊक नाही. ती घरी आली त्या दिवशी औषधाच्या ३० मिलीच्या टोपणात डाळीचं पाणी ओतून मी तिच्यासमोर बसले. घड्याळात बघून दर पाच मिनिटांनी एक घोट. घाई केली तर छातीत अडकतं, हे मला माझ्यावरून माहीत होतं, नाहीतर ती रडली असती, मी रडले होते तशी. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, मूठ आवळलेली. मूठ उघडली तर लिंबाएवढं गुंतवळ. काही बोलली नाही. मी गॅस बारीक केला, पदर खाली घेतला आणि माझ्या भांगाजवळचे नवे, उभे राहणारे आखूड केस तिला बोटाने चाचपायला लावले. परत येतात, एवढं तिला कळलं. डॉक्टरांनी हे दोनदा समजावलं होतं, तरी तिला ते माझ्या डोक्यावर बघायचं होतं.

आमच्या घरातलं आम्ही बघू. तुमचा रंकाळा तुम्हाला लखलाभ. आम्ही दोघी अजूनही जातो तिथे, संध्याकाळी, आता बसावं लागत नाही.

उद्या तिची रक्ततपासणी आहे, उपाशीपोटी सातला लॅबमध्ये पोचायचं आहे. गाडी मीच काढणार. तेव्हा या विषयावर तुमची आणखी प्रतिक्रिया आली तर उत्तराची वाट बघू नका.