पेज सोडा म्हणू नका, पेजेसोबत ओआरएस सांगा

आरोग्याचा संदेश लोकांपर्यंत कसा न्यावा यावरच्या एका लेखात सल्ला वाचला: घरगुती उपाय मानणाऱ्यांना औषध ‘नैसर्गिक’ म्हणून विका. तो मला पटत नाही. लोकांना ते लगेच कळतं आणि मग खरी माहितीही ऐकली जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात जुलाब झाले की घरात आधी मीठ घातलेली भाताची पेज किंवा ताक देतात, आणि ते बरोबरच आहे. संदेश तिथूनच सुरू करावा: ‘पेज चालू ठेवा, प्रत्येक जुलाबानंतर ओआरएसही द्या.’ ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला पाण्यात विरघळवायची पूड. तिच्या पुड्यात काय आहे तेही सांगा: मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम, सायट्रेट. ग्लुकोजमुळे आतड्यात मीठ शोषलं जातं, त्यामागे पाणी.

चूक होते ती मापात. १ लिटरचा पुडा एका ग्लासात ढवळतात. क्षार जास्त होऊन जुलाब वाढू शकतात. म्हणून संदेशाच्या चित्रात ग्लास नको, लिटरची बाटली दाखवा. पुडा नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. ‘चिमूटभर’ लिहूच नका, प्रत्येकाची चिमूट वेगळी. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. सहा महिन्यांवरील बाळाला झिंक रोज २० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी बंद करू नये.

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, तिथे हेच तेलुगूत हवं. आणि मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना, ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात.