टाइम टेबल लागू दे, मग बघू

सेमिस्टर सुरू झालं म्हणून लगेच पुस्तकं आणायला धावू नका. आपल्या बेळगावात अभ्यासाचा मुहूर्त एकच, नोटीस बोर्डावर टाइम टेबल लागतं तो. तोवर कुणी विचारलंच, "काय करालास रे?" तर "अभ्यास करालोय की" म्हणायचं. एवढ्याला पुस्तक लागत नाही.

आधी कॅलेंडर नीट बघून घ्या. पहिल्या सत्रात गणपती येतो. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे कपिलेश्वर तलावावरून घरी येऊन अभ्यासाला बसणं माणुसकीला धरून नाही. मग दसरा, मग दिवाळीचे किल्ले. दुसऱ्या सत्रात शिवजयंती. महाराष्ट्रात ती फेब्रुवारीत उरकते. आपली तिथीनं, वैशाखात, म्हणजे बरोबर अभ्यासाच्या तोंडावर. चित्ररथाच्या तालमी चुकवू नका. अफजलखानाचं काम मिळालं तर सोडूच नका, पोटात वाघनखं गेल्यावर ट्रॉलीवर आडवं पडून उजळणी करता येते.

टाइम टेबल लागलं की पहिलं काम झेरॉक्स. वर्गातल्या हुशार मुलीची वही मागायची, पन्नासेक पानं काढायची, स्पायरल बाइंडिंग करायचं. इथे निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं, वाटू द्या. मग हायलाइटर. पहिलं पान नुसतं पिवळं, दुसऱ्यावर हिरवा आणि गुलाबी, चौथ्यावर पोचेपर्यंत एवढा रंग झालेला असतो की न रंगवलेली ओळच उठून दिसते. तीच महत्त्वाची समजावी.

जॉन डनलॉस्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २०१३ साली सहकाऱ्यांबरोबर अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. ओळी रंगवणं आणि तेच तेच वाचणं तळाला गेलं. वर आल्या दोनच: स्वतःला प्रश्न विचारून बघणं आणि अभ्यास दिवसांवर पसरून करणं. आता अभ्यास पसरून केला तर परीक्षेआधीच्या रात्री करायचं काय, हे या मंडळींनी सांगितलेलं नाही.

त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीनं विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे: ८१ टक्के, लिहिणारे ७५. आठवड्यानं तपासलं तर वाचणारे ४२ वर आणि लिहिणारे ५६ वर. यातला पहिला अर्धा भाग तेवढा ध्यानात ठेवा. वाचल्यावर पाच मिनिटांत पेपर हातात पडला पाहिजे, म्हणजे हॉलच्या दारापर्यंत वाचत जायचं. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं की पाच मिनिटांची वीस होतात, ती गोष्ट वेगळी. गाडी कुठली आहे, डबे किती, हे मोजत बसू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच गळून जातं.

कन्नडचा पेपर असेल तर आपली परंपरागत पद्धत आहेच. मराठी माध्यमातून आलेल्या पोरानं गाईडमधलं कन्नड उत्तर कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, देवनागरीत लिहून काढायचं आणि चालीवर पाठ करायचं. अर्थ विचारायचा नाही, चाल बिघडते. हर्मन एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं जर्मनीत असाच उद्योग केला होता. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरतो ते मोजायचा. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं, असं त्यानं १८८५ मध्ये छापून टाकलं. त्याला कन्नडचा पेपर नव्हता आणि सीबीटीवर, म्हणजे आपल्या बसस्टँडवर, बसची वाट बघावी लागत नव्हती, तरी ही अवस्था.

बसवरून आठवलं. यळ्ळूरचा पोरगा कॉलेजला लागतो तेव्हा बसच्या कन्नड पाट्या त्याला नक्षीसारख्या दिसतात. पहिल्या आठवड्यात तो एकदा उचगावच्या बसमध्ये चढतो, अर्ध्या वाटेत उतरतो, चालत परत येतो. दुसऱ्या दिवशी पाटीकडे टक लावून बघतो, मनातल्या मनात लावतो, कंडक्टरला विचारून खात्री करतो. पुढे महिन्याभरात धावत्या बसची पाटी लांबून वाचतो. कुणी हायलाइटर मारलेला नसतो, झेरॉक्स काढलेली नसते. रोज संध्याकाळी नवी पाटी, रोज स्वतःच ओळखायची, चुकलं तर पायपीट. पुस्तकाच्या बाबतीत असला प्रकार मुळीच करू नका. पान मिटून "आत्ता काय वाचलं?" असं स्वतःला विचारलं तर काही येत नाही हे कळतं, आणि परीक्षेच्या तोंडावर मन खचवून घेण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा कंबाइंड स्टडी करा. अनगोळच्या मित्राच्या घरी, कारण त्याची आई पोहे करते. काकूंना "अभ्यासाला आलोय" म्हटलं की त्या टीव्हीचा आवाज कमी करतात; तेवढं पुण्य पुरेसं आहे. मग जुन्या प्रश्नपत्रिका काढून "गेल्या वर्षी आलंय, यंदा यायचं नाही" या तत्त्वावर धडे गाळत जायचं. दहा वाजेपर्यंत निम्मा सिलॅबस संपतो, न वाचता. अकराला कुणीतरी चहाचं काढतो.

वाचनालयाच्या वाटेला मात्र जाऊ नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, आणखी एक सेमिस्टर तुमच्यावाचून चालेल. शिवाय तिथे शेजारी स्पर्धा परीक्षेचा कुणी बसलेला असतो. तो पुस्तक मिटतो, कोऱ्या कागदावर काहीतरी लिहितो, पुस्तक उघडून ताडून बघतो आणि स्वतःवरच चरफडतो. असल्यांच्या नादी लागू नका.

रात्र जागायचीच. झोपेत वाचलेलं डोक्यात मुरतं म्हणतात, पण मुरायला आधी घालावं लागतं. हेस्कॉमनं, म्हणजे वीज कंपनीनं, लाइट घालवली तर देवाचा कौल समजून दिवा लागेपर्यंत गच्चीवर जा. लाइट आली तरी लगेच खाली उतरू नका, पुन्हा जाते.

पेपर सुटल्यावर घरी विचारतील. "चांगला गेला" म्हणू नका, लगेच किती मार्क पडतील विचारतात. "वाईट" म्हटलं तर मामाच्या पोराचं उदाहरण निघतं. "बरा गेला" म्हणा आणि पुढचा पेपर कधी आहे ते मित्राला फोन करून विचारा. उद्या असला तर झेरॉक्सचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, तेही विचारून घ्या.