सर्व सभासदांनी शुल्क भरलेले नाही

आमच्या ३२ सदनिकांच्या सोसायटीचे सचिवपद माझ्या गळ्यात पडले, त्याचे एकमेव कारण म्हणजे त्या वर्षीच्या सभेला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. पाण्याचा पंप, वॉचमन आणि वाहनतळ सांभाळणे एवढेच सचिवाचे काम असते, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ते काम सूचनाफलकावर वाक्ये लिहिण्याचे, आणि मग त्या वाक्यांचा अर्थ जिन्यात, लिफ्टमध्ये व एकदा तर केशकर्तनालयाच्या खुर्चीत मान खाली घालून समजावून सांगण्याचे निघाले.

पहिली सूचना अगदी साधी होती : ‘सर्व सभासदांनी देखभाल शुल्क भरलेले नाही.’ संध्याकाळपर्यंत सात जण पावत्या घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या मते मी अख्ख्या सोसायटीला बुडवे ठरवले होते. ज्यांनी खरोखरच शुल्क थकवले होते, ते मात्र कोणीच भरलेले नाही असा अर्थ लावून, सगळ्यांबरोबर बुडण्यात जी निश्चिंती असते ती सुखाने उपभोगत होते.

चौथ्या मजल्यावर भाषाविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात. ते पावती नव्हे, पेन्सिल घेऊन आले. “तुमच्या वाक्यात ‘सर्व’ आणि ‘नाही’ यांच्यात थोरला कोण, याचा तंटा आहे,” ते म्हणाले. “‘नाही’ला थोरला माना, म्हणजे सर्वांनी भरले असे नाही, निदान एक जण तरी बाकी आहे. ‘सर्व’ला थोरला माना, म्हणजे कोणताही सभासद घ्या, त्याने भरलेले नाही. याला व्याप्ती म्हणतात. तोंडी बोलताना तुम्ही ‘सर्व’वर जोर दिला असता, तर भागले असते. फलकाला गळा नसतो.”

“मग ‘काही सभासदांनी भरलेले नाही’ असे लिहू का?”

“लिहा की. पण तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे निदान एक. ३२ पैकी ३२ जणांनी थकवले, तरी ते वाक्य खरेच राहील. ‘काही’ म्हटल्यावर आपण ‘सगळे नव्हेत’ असे समजतो. पण ते शब्दांत नसते. समोरचा माणूस सरळपणाने, हातचे न राखता बोलतो आहे असे धरून आपण ते काढतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली व्याख्यानांतून हेच सांगितले.”

मी ‘काही’ लिहिले. प्रत्येक सभासदाने ‘काही’ म्हणजे शेजारचे असे काढले आणि त्या महिन्यात वसुली आणखी घटली.

तेव्हापासून दर रविवारी सरांकडे चहाबरोबर मला अर्थविज्ञान मिळू लागले. वाक्याचा अर्थ कळणे म्हणजे जग कसे असताना ते वाक्य खरे ठरेल हे कळणे, हा त्यातला पायाचा दगड. आल्फ्रेड टार्स्की या पोलिश तर्कशास्त्रज्ञाचा दाखला सर देत असत : ‘बर्फ पांढरे आहे’ हे वाक्य बर्फ पांढरे असेल तर, आणि तरच, खरे असते. हे सांगायला विद्वान कशाला हवा, असे मला वाटले होते. पुढे लिफ्ट दुरुस्त झाल्यावर ‘लिफ्ट बंद आहे’ ही पाटी काढायची माझ्याकडून राहून गेली, आणि चालू लिफ्टसमोरून लोक दोन दिवस धापा टाकत जिना चढत राहिले. तेव्हा माझे मत बदलले.

उन्हाळ्यात गच्चीचा प्रश्न उद्भवला. ‘गच्चीवर कपडे आणि पापड वाळत घालू नयेत’, असे मी लिहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नुसतेच पापड घातले. “दोन्ही एकदम घालू नका, असंच लिहिलंय ना?” मी ‘आणि’ खोडून ‘किंवा’ लिहिले. काकूंनी पुन्हा पापडच घातले. “दोन्हींपैकी एक सोडायचं होतं. मी कपडे सोडले.” सरांनी मला गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम शिकवला : ‘हे किंवा ते’ याचा नकार म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईत झाला. मदुराईचे ऊन पाहता त्यांच्याही डोक्यावर कोणी पापड वाळत घातले असावेत, असा माझा कयास आहे. ‘कपडेही घालू नयेत आणि पापडही घालू नयेत’ ही सुधारित सूचना लागल्यावर काकूंनी कुरडया घातल्या.

पाण्याच्या सूचनेने मात्र माझी अब्रूच गेली. टाकीच्या दुरुस्तीविषयीचा मजकूर दोन पानांवर गेला होता. पहिले पान ‘गुरुवारी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत दोन्ही विंगांना पाणीपुरवठा’ येथे संपत होते आणि दुसरे ‘होणार नाही’ येथे सुरू होत होते. मराठी वाक्याचा जीव त्याच्या शेपटात असतो. दोन ओळींची मांडणी एका ‘नाही’ने शेवटी पार उलटी होते. बुधवारी रात्री टाचणी निसटली आणि शेपूट वाऱ्याने उडून गेले. गुरुवारी सव्वानऊ वाजता इमारतीच्या प्रत्येक न्हाणीघरातून माझ्या नावाचा उद्धार होत असताना मी पहिली बादली घेऊन चौथ्या मजल्यावर धावलो, कारण गुरूचा मान पहिला. सरांनी दार जेमतेम चार बोटे उघडले. डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

“सन्निधी!” ते कडाडले. “अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ या जुन्या संस्कृत तर्कग्रंथात बजावून ठेवले आहे. पदांना एकमेकांची आकांक्षा हवी. नाहीतर गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती रांग होते, वाक्य होत नाही. योग्यता हवी; अग्नीने शिंपता येत नाही. आणि सन्निधी हवी, म्हणजे पदे लागोपाठ हवीत! ‘गाय’ आता म्हटले आणि ‘आण’ प्रहराने म्हटले, तर गाय येत नाही.” इथे फेस दुसऱ्या डोळ्यात गेला आणि व्याख्यान थांबले. बादली आत सरकवताना मला एवढेच जाणवले की, त्यांच्या पाणीपुरवठ्याची आकांक्षा मी पुरी केली होती, पण माझी योग्यता संपली होती.

त्यानंतर तक्रारवहीत एक नोंद झाली : ‘सोसायटीचा माळी अत्यंत कामचुकार आहे.’ आमच्याकडे दोन वर्षांपासून माळीच नाही. मी समोर ‘खोटे’ असा शेरा मारला, तर तक्रारदार म्हणाले, “म्हणजे माळी कामसू आहे?” तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली फ्रान्सच्या राजाच्या टकलाचा असाच निकाल लावला होता. फ्रान्सला राजाच नसताना ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ या वाक्याचे काय करायचे? त्यात राजा आहे, एकच आहे आणि तो टकला आहे, अशी तीन विधाने दडलेली आहेत. पहिलेच कोसळते, म्हणून सगळे वाक्य खोटे. पी. एफ. स्ट्रॉसन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने १९५० मध्ये हरकत घेतली की, राजा आहे हे त्या वाक्याने सांगितलेले नसते, गृहीत धरलेले असते. ते गृहीतच नसेल तर खरे की खोटे हा प्रश्नच उद्भवत नाही. हे मी कार्यकारिणीपुढे मांडले. अध्यक्ष रसेल यांच्या बाजूने गेले. खजिनदार ताबडतोब स्ट्रॉसन यांना मिळाले, कारण ‘प्रश्नच उद्भवत नाही’ हे उत्तर ते गेली सहा वर्षे प्रत्येक खर्चाला देत आले आहेत. माळी अजून नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत मी मुक्त होणार होतो. सचिवपदासाठी एकही अर्ज आला नाही. अध्यक्षांनी इतिवृत्त सांगायला सुरुवात केली : “अर्ज केलेल्या प्रत्येक उमेदवाराची मुलाखत घेण्यात आली. त्यांपैकी एकही पात्र न ठरल्याने विद्यमान सचिवांनीच पद सांभाळावे.” मी उसळून उभा राहिलो आणि हे धडधडीत असत्य असल्याचे सांगितले. सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सरांनी चष्मा पुसला.

“रिक्त संचाविषयीचे, म्हणजे ज्यात कोणीच नाही अशा गटाविषयीचे, ‘प्रत्येक’ असलेले विधान खरेच असते,” ते खेदाने म्हणाले. “मुलाखत न झालेला एक तरी अर्जदार दाखवा.”

मला दाखवता आला नाही. ठराव संमत झाला, चहा झाला, आणि सभा संपल्यावर सर्व सभासदांनी खुर्च्या उचलून ठेवल्या नाहीत. “दोन्ही अर्थांनी खरे,” जिन्याकडे वळता वळता सर म्हणाले.

मी पहिली खुर्ची उचलली आणि त्यातला एक अर्थ खोटा पाडला.