पुलावरनं बादली सोडून काय कळणार, साहेब?

आज सकाळी पंचगंगेवरच्या आमच्या बंधाऱ्यावर परत मासे मेले. फोटो बघितलेच असतील सगळ्यांनी, स्टेटसला फिरतायत. फोटोला वास नाही, एवढीच सोय.

पण माझं डोकं फिरलंय ते दुपारवरनं. प्रदूषण मंडळाचे साहेब येईपर्यंत बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, काढून पाणी सोडून दिलेलं, मेलेले मासे पुढच्या गावाच्या गळ्यात. मग पुलावरनं दोरीनं बादली सोडली, बाटली भरली, पंचनाम्यावर सह्या, गाडी गेली. अहो, जे घाण पाणी होतं ते तर वाहून गेलं की!

आमचे आबा नदीत जाळं टाकायचे. शाळा नावालाच. लहानपणी असेच एकदा मासे मेले, मी त्यांच्या मागं मागं. त्यांनी आधी बघितलं, मरळ मेलीय का. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, पाण्यातला प्राणवायू संपला तरी तग धरते. मरळ जिवंत आणि बाकीचे उताणे, म्हणजे पाणी गुदमरलंय, वरनं साखर कारखान्याची मळी नाहीतर मैला आलाय. मरळही गेली, तर मात्र काहीतरी जहरी सोडलंय. एवढं बघून आबा काठानं वर चालायला लागले. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी पाय बुडवायचे, वास घ्यायचे. एका ओढ्याला पाणी कोमट लागलं, आंबूस वास. ‘हितनं आलंय,’ म्हणाले.

मासे तरंगतात तिथं चोर नसतो हो. मळी-मैला कुजवणारे जीवाणू प्राणवायू खात खात पुढं जातात, पाणी पार निकामी होतं ते कितीतरी खाली. त्यात पहाटे पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. रात्री सोडणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

आणि वर ऐकवतात काय, तर ‘नेमका स्रोत सांगता येत नाही’. पंचगंगा म्हणजे काय ब्रह्मपुत्रा आहे? प्रयाग चिखलीपासनं नृसिंहवाडीपर्यंत जेमतेम ८० किलोमीटर. कोल्हापुरातला जयंती नाला शेंबड्या पोराला माहीत. इचलकरंजीचा काळा ओढा माहीत. प्रत्येक घाणीची खूण वेगळी. मैल्यात विष्ठेतले जीवाणू सापडतात, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसच्या पाण्यात रंग आणि क्षार, मळीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, हजारांत. आंघोळीच्या पाण्याला तो लिटरमागं ३ मिलिग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. माझ्या वयापेक्षा जुना!

हो, गावांचं सांडपाणी पण येतं. आमच्या गावचं गटारही तिथंच सुटतं, मान्य. उसाला ओतलेलं खत पावसात वाहून येतं आणि जलपर्णी माजते, तेही खरं. त्याला एक तोंड नाही, शोधणं अवघड. पण म्हणून ज्याला तोंड आहे, पाइप आहे, तोही दिसत नाही म्हणायचं?

बाटली भरणाऱ्या पोरावर राग नाही माझा. पोरगं साधं होतं, उन्हात उभं. म्हटलं, चल, वर ओढ्यापर्यंत जाऊया. म्हणालं, ‘दादा, मला हाच पॉइंट दिलाय.’ काय बोलणार त्याला. आबांना कुणी पॉइंट दिला नव्हता.

२०१२ ला इचलकरंजीत घाण पाण्यातनं आलेल्या काविळीनं माणसं गेली. तेव्हाही लिहिताना हात कापत होता, आज नुसता संताप येतोय. मासे मेले की बातमी चौथ्या पानावर, आणि खालची गावं तेच पाणी गाळून पिणार.

तेव्हा पुढच्या वेळी पुलावर कुणी सही करायची नाही. ओढ्याच्या वर एक बाटली, ओढ्याच्या खाली एक बाटली, तीही बरगे काढायच्या आधी, मगच पंचनामा. सरपंच, तुम्हाला टॅग केलंय. लाइक नको, उत्तर द्या.