नॉर्थ एंडला माणसं राहतात

काल दुपारी बारा वाजता सेंट अँथनीची मूर्ती बाहेर पडली आणि रात्री दहाच्या सुमारास परत मांडवात आली. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होणारा हा उत्सव १९१९ पासून चालू आहे. इटलीतल्या आवेलीनोजवळच्या मोंतेफाल्चोने गावाहून आलेल्या लोकांनी तो सुरू केला. पुढे बँड, मागे खांद्यावर मूर्ती, मूर्तीला लावलेल्या लांब रिबिनी आणि त्यांवर लोकांनी टाचलेल्या डॉलरच्या नोटा. मिरवणूक दारोदार थांबते. वरून कुणी रंगीत कागदाचे तुकडे उधळतं, खालून 'व्हीवा सांतान्तोनियो'चा गजर होतो, की मूर्ती पुढच्या दाराकडे निघते.

दरवर्षीप्रमाणे ती आमच्या बिल्डिंगपाशीही थांबली. मूर्ती उचलणाऱ्या सगळ्यांनी सवयीने वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती.

त्या खिडकीत नोना उभी असायची. नोना म्हणजे आजी. तिची नातवंडं म्हणतात म्हणून मीही म्हणते. मे महिन्यात बिल्डिंग विकली गेली आणि पन्नासहून जास्त वर्षं ज्या घरात काढली ते सोडून ती मेडफर्डला लेकीकडे राहायला गेली. बँड वाजत राहिला, मिरवणूक पुढे गेली, मी मात्र तिथेच उभी राहिले. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितेय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

मी गिरगावची. १८९३ साली जिथे सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळ आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी बॉस्टनला आले आणि प्रयोगशाळेत चालत जाता येईल एवढ्याच हिशेबाने नॉर्थ एंडला खोली घेतली. इटालियन वस्ती वगैरे काही डोक्यात नव्हतं. पाच मजली विटांची बिल्डिंग, लिफ्ट नाही, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं असा जिना. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खाल्लंस का?"

कुठून आलीस, काय करतेस, लग्न झालंय का, हे सगळं त्यानंतर.

तिच्या स्वयंपाकघराबाहेर लोखंडी जिन्याच्या फळीवर टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांमध्ये बेझिल लावलेलं होतं. आमच्या आजीची तुळस डालड्याच्या डब्यात होती. तेच गंजलेले काठ, डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली तीच भोकं. बेझिल म्हणजे तुळशीची सख्खी बहीणच, पान चुरडून बघा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपण राहू शकू.

आणि अंजिराचं झाड. बिल्डिंगमागे चार पावलांचं अंगण आहे, तिथे तिच्या नवऱ्याने लावलेलं. बॉस्टनच्या हिवाळ्यात अंजीर तगत नाही. म्हणून दर नोव्हेंबरात पानं गळली की त्याला गुंडाळायचं. आधी फांद्या एकत्र ओढून दोरीने आवळायच्या, मग गोणपाट, त्यावर ताडपत्री, आणि वरून पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालायची. एप्रिलमध्ये एखाद्या ढगाळ दिवशी सोडायचं. आठ हिवाळे मी तिच्याबरोबर दोरी धरलीय. ती गुडघ्यांमुळे पायरीवर बसून सांगायची, "ओढ, अजून ओढ. फांदीचा आवाज आला की थांब." तिच्या शेजारच्या कित्येक अंगणांत पूर्वी अशी गुंडाळलेली झाडं उभी असायची म्हणे. आता आमच्या गल्लीत हे एकच.

नॉर्थ एंडला वर्षभर माणसांचा पूर असतो. फूटपाथवर लाल विटांची एक रेघ आहे, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याच्या जागा जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलची. लोक त्या रेघेवरून चालत येतात, त्या लढ्यातल्या पॉल रिव्हिअरचं घर बघतात, १७७५ साली इंग्रज सैन्य निघाल्याचा इशारा म्हणून ज्याच्या मनोऱ्यात दोन कंदील लावले होते ते ओल्ड नॉर्थ चर्च बघतात, हॅनोव्हर स्ट्रीटवर कॅनोली या इटालियन मिठाईच्या रांगेत उभे राहतात आणि पांढऱ्या खोक्याचा फोटो काढून परत जातात. या, जरूर या. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मीही तिथेच नेलंय. पण त्या लाल रेघेने कोणता इतिहास धरला आणि कोणता सोडला, हे मला टोचतं.

पॉल रिव्हिअरचं लाकडी घर १६८० च्या सुमाराचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या घरात भाडेकरू राहत होते आणि खाली दुकानं होती. इटालियन बँक, भाजी-फळांचं दुकान, सिगारचा कारखाना, असं वेगवेगळ्या काळात तिथे चालायचं. १९०८ साली घर संग्रहालय म्हणून उघडलं, त्याआधी दुरुस्ती करताना नंतर चढवलेला मजला उतरवला आणि घर सतराव्या शतकात नेऊन ठेवलं. घर वाचलं याचा मला आनंदच आहे. पण ज्या वर्षांत त्या घराभोवतीच्या गल्ल्यांमध्ये हजारो इटालियन कुटुंबं दाटीवाटीने राहत होती, ती वर्षं त्या भिंतींवरून खरवडून काढली गेली.

ही माणसं आली तीसुद्धा 'इटालियन' म्हणून नाही आली. आली ती आपापल्या गावाची म्हणून. आधी जेनोवाकडची, मग आवेलीनोकडची, मग सिसिलीची. सिसिलीतल्या शाक्का गावचे कोळी नॉर्थ स्ट्रीटच्या बाजूला, धक्क्याजवळ. त्यांच्या मदोन्ना देल सोकोर्सोचा, म्हणजे मेरीमातेचा, उत्सव १९१० पासून चालू आहे. त्यात देवदूत झालेल्या लहान मुलीला दोरीवरून अलगद रस्त्यावर सोडतात, आणि ते बघताना अख्खी गल्ली श्वास रोखून धरते. गाव तेवढा देव, देव तेवढा उत्सव. ज्याच्या वाडीत कोकणातल्या एकाच गावची दहा घरं होती त्या गिरगावकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गरीब वस्तीला शहर कसं वागवतं तेही इथे दिसतं. १९१५ साली कमर्शियल स्ट्रीटवर, घरांच्या अगदी तोंडाशी, मळी साठवायची पन्नास फूट उंच टाकी उभी राहिली. मळी म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यात निघते तीच, अल्कोहोल बनवायला. टाकी पहिल्यापासून गळत होती. पोरं डबे घेऊन गळलेली मळी गोळा करायची. कंपनीने काय केलं? टाकीला तपकिरी रंग दिला, गळती दिसू नये म्हणून. १५ जानेवारी १९१९ ला टाकी फुटली, तेवीस लाख गॅलन मळीची लाट रस्त्यावर आली. २१ माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत दहा-दहा वर्षांची मुलं होती. कंपनीने कोर्टात सांगितलं की इटालियन अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. काही वर्षं चाललेल्या सुनावणीनंतर १९२५ साली दोष कंपनीचाच ठरला. आज त्या जागी बाग आहे, तिथे म्हातारे बोच्ची हा चेंडूंचा इटालियन खेळ खेळतात, आणि घटनेची आठवण म्हणून एक छोटीशी पाटी आहे. सेंट अँथनीचा उत्सव सुरू झाला तो याच १९१९ मध्ये. मिरवणूक बघताना दरवेळी मला हे आठवतं.

बॉम्बचा तो आरोप लोकांना खरा वाटू शकला, कारण इटालियन म्हणजे संशयित असाच तो काळ होता. साको आणि वान्झेत्ती या दोन इटालियन अराजकवाद्यांना खुनाच्या आरोपावरून १९२७ साली विजेच्या खुर्चीवर मारलं. त्यांची अंत्ययात्रा याच हॅनोव्हर स्ट्रीटवरून निघाली. त्यांच्यावरचा खटला न्याय्य पद्धतीने चालला नव्हता, हे मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने जाहीर करायला १९७७ उजाडलं.

आणि इथे आपला संबंध येतो, थेट येतो. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेत येऊ शकणाऱ्या इटालियनांचा कोटा वर्षाला चार हजारांच्या खाली आणला. आपल्यासाठी तर दार १९१७ पासूनच बंद होतं. तो कोट्यांचा कायदा १९६५ साली मोडला. नोना १९६९ साली बाविसाव्या वर्षी, लग्न होऊन, त्या उघडलेल्या दारातून आत आली. आणि आज अमेरिकेत मराठी मंडळं आहेत, शाळांच्या हॉलमध्ये गणपती बसतात, मी इथे बसून हे लिहितेय, तेही त्याच दारामुळे. आम्ही दोघी एकाच कायद्याच्या लेकी आहोत असं मी तिला एकदा सांगितलं. तिने माझ्या गालाला हात लावला आणि अजून एक वाटी सूप वाढलं.

ही वस्ती टिकली कशी? शेजारचा वेस्ट एंड टिकला नाही. तिथेही इटालियन, ज्यू, आणखी कितीतरी लोक राहत होते. शहराने त्याला झोपडपट्टी ठरवलं आणि १९५८ पासून तो जमीनदोस्त केला. सुमारे २,७०० कुटुंबं उठवली, त्या जागी महागडे टॉवर आले. नॉर्थ एंडलाही तेच म्हणत होते. बँका इथे घरासाठी कर्ज द्यायला तयार नव्हत्या. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की इथल्या लोकांनी बँकेशिवाय घरं दुरुस्त केली. गवंड्याने सुताराची भिंत बांधली, सुताराने प्लंबरचं दार बसवलं. वर्षानुवर्षांची ओळख हेच त्यांचं भांडवल होतं. याच वस्तीला शहरापासून तोडत पन्नासच्या दशकात लोखंडी उड्डाणमार्ग उभा राहिला. तो जमिनीखाली गेला आणि वरची बाग २००८ साली खुली झाली. आज त्या बागेत मी संध्याकाळी बसते. ती सुंदर आहे. आणि त्या बागेनंतर इथली भाडी कुठे गेली हेही मला दर सप्टेंबरला भाडं भरताना कळतं.

आता माझं म्हणणं. वस्ती जपायची म्हणजे तिचं जेवण जपायचं नाही. जेवण आपोआप टिकतं, त्याला गिऱ्हाईक आहे. जपावं लागतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतलं माणूस. जी बाई जिन्यावर पाऊल वाजलं तरी कोण आलं ते ओळखते, जिला कुठल्या घरात आजारी माणूस आहे ते माहीत असतं, तिच्यासाठी शहराने पैसा आणि कायदा खर्च करावा. १ जानेवारी २०१९ पासून बॉस्टनमध्ये मालक स्वतः त्या जागेत किंवा त्याच छोट्या इमारतीत राहत असेल तरच पर्यटकांना घर दिवसाच्या भाड्याने देता येतं. माझ्या मते या शहराने गेल्या काही वर्षांत घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय. त्याआधी आमच्या बिल्डिंगमध्ये दर शुक्रवारी नव्या माणसांच्या चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आपटत वर जायच्या, आणि नोना दार किलकिलं करून बघून परत लावून घ्यायची.

रस्त्यावरच्या टेबलांचा वाद तर सगळ्यांना माहीत आहे. २०२२ साली शहराने फक्त नॉर्थ एंडच्या रेस्टॉरंटांवर बाहेर टेबलं मांडण्यासाठी ७,५०० डॉलरची फी लावली, २०२३ मध्ये इथे रस्त्यावर टेबलं मांडणं बंदच केलं. मालक कोर्टात गेले. मला त्यांचंही दुःख कळतं. त्यांच्या आजोबांनी हातगाडीवरून सुरुवात केली होती. पण ज्या गल्लीत अँब्युलन्स वळायला जागा नाही, जिथे म्हाताऱ्या माणसाला फूटपाथवरून चालता येत नाही, तिथे मी राहणाऱ्यांच्या बाजूने उभी आहे. मित्र म्हणतात, रेस्टॉरंटं गेली तर नॉर्थ एंडमध्ये उरणार काय? हाच प्रश्न मला लागतो. दहा हजारांच्या आसपास माणसं उरतील ना.

मीही इथे बाहेरून आलेय, मी देते ते भाडं नोनाच्या काळातल्या कुणाला परवडलं नसतं, हे मला ठाऊक आहे. आपली मंडळी मला सांगतात, बर्लिंग्टनला ये, श्रूजबरीला ये, पार्किंग मिळेल, शाळा चांगल्या आहेत. खरं आहे. पण जी वस्ती मला "खाल्लंस का" विचारून आत घेते तिथून मी नुसती खाऊन निघून जाणार नाही. म्हणून वस्तीच्या बैठकांना जाते. गिरगावात आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला तेव्हा मी इथे होते, सह्या झाल्या तेव्हाही इथेच होते, आणि आईने पेटीवर बसून फोन केला तेव्हाही. त्या वेळी मी नुसतं ऐकलं होतं.

नव्या मालकांच्या माणसाने गेल्या आठवड्यात अंगणाची मापं घेतली. अंजीर कुठल्या रेघेत येतो ते त्याने सांगितलं नाही. मी नोनाला फोन केला. ती म्हणाली, "यंदा फळ किती आलंय ते सांग आधी." मी खाली जाऊन मोजलं. एकतीस आहेत. पिकलेली सात काढून टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवलीत, शनिवारी मेडफर्डला घेऊन जाणार आहे. गोणपाट तिने जाताना माझ्याकडे दिलंय. पलंगाखाली आहे, नोव्हेंबरपर्यंत.